संप्रेरके मोजणारे डीएनए-सेन्सर: घरच्या घरी तपासणी कितपत शक्य आहे?

दांडिया बाजारातील एका शिक्षिका भगिनींनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ५२ असून त्या नऊ वर्षांपासून थायरॉइडची गोळी घेतात. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात बडोद्यातल्या दोन लॅबमध्ये केलेल्या तपासणीत टीएसएचचे (थायरॉइड ग्रंथीला चालना देणाऱ्या संप्रेरकाचे, म्हणजे हार्मोनचे) आकडे एकमेकांपासून इतके दूर आले, की डोस वाढवायचा की कमी करायचा हेच कळेना. त्यांची एम.एस्सी. करणारी भाची म्हणाली, "मावशी, आता डीएनएवर चालणारे बायोसेन्सर येत आहेत, साखरेसारखे हार्मोनही घरीच मोजता येतील." त्यावरून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: ही आपल्या जनुकांची तपासणी असते का, असे यंत्र आपल्याला घरी वापरता येईल का, आणि भाचीने याच विषयावर प्रकल्प घ्यावा का. मी या शहरात २७ वर्षे क्लिनिकल बायोकेमिस्ट म्हणून काम करते आहे आणि संप्रेरकांच्या रिपोर्टांवर सही करणे हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. या सेन्सरमधला डीएनए आपला नसतो आणि आपल्या जनुकांशी त्याचा काहीही संबंध नसतो. तो यंत्रावर एकेक अक्षर, म्हणजे डीएनएचा एकेक घटक, जोडून तयार केलेला, साधारण तीस ते ऐंशी अक्षरांचा एकपदरी तुकडा असतो. आपल्या पेशींतला डीएनए दुपदरी असतो. दोन्ही पदर एकमेकांना धरून असल्यामुळे तो बराचसा ताठ राहतो. एकपदरी तुकड्याला जोडीदार नसतो, म्हणून तो स्वतःवरच वळतो आणि दुमडतो, त्याला वळसे आणि खळगे पडतात, आणि अक्षरांचा क्रम जुळून आला तर एखाद्या खळग्यात एखादा ठरावीक रेणू बरोबर बसतो. अशा तुकड्याला ॲप्टामर म्हणतात. 'बरोबर बसणारा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टॅक यांनी १९९० मध्ये हे नाव दिले. त्याच वर्षी क्रेग ट्यूर्क आणि लॅरी गोल्ड यांनी असे तुकडे निवडण्याची पद्धत स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली, ती आज सेलेक्स या नावाने ओळखली जाते. ते पहिले काम आरएनएवर झाले होते. डीएनएचे ॲप्टामर १९९२ मध्ये आले.

निवडीची रीत सुपात धान्य पाखडण्यासारखी आहे. मधली तीस-चाळीस अक्षरे वाटेल त्या क्रमाने असलेले डीएनएचे तुकडे एका नळीत घेतात. त्यांची संख्या १ वर १४ शून्ये इतकी किंवा त्याहूनही जास्त असते. समजा मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतून येणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकासाठी ॲप्टामर हवा आहे, तर त्या तुकड्यांपुढे कॉर्टिसॉल ठेवायचे, जे तुकडे त्याला धरतील ते राखायचे, बाकीचे धुऊन टाकायचे, राखलेल्यांच्या प्रती पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या प्रक्रियेने) वाढवायच्या आणि पुन्हा तेच करायचे. अशा दहा-बारा फेऱ्यांनंतर मूठभर क्रम उरतात. मधूनमधून एक उलटी फेरी करावी लागते: कॉर्टिसॉलशी साम्य असलेले प्रोजेस्टेरॉनसारखे रेणू समोर ठेवायचे आणि त्यांना धरणारे तुकडे काढून टाकायचे. हे काम वेळखाऊ आहे आणि घाईत ते अर्धवट सोडले जाते, परंतु सेन्सरची सगळी लायकी या उलट्या फेऱ्यांवरच ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

संप्रेरक खळग्यात बसले हे कळते कसे, हेही सांगते. सर्वांत सुटसुटीत रचनेत ॲप्टामरच्या एका टोकाला गंधकाचा गट जोडून ते टोक सोन्याच्या इलेक्ट्रोडवर बसवतात, कारण गंधक सोन्याला घट्ट धरतो. दुसऱ्या टोकाला मिथिलीन ब्लू हा निळा रंग जोडतात, जो इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण करतो. संप्रेरक बसले की धाग्याची घडी बदलते, रंगाचे टोक सोन्याच्या जवळ येते किंवा लांब जाते आणि विजेचा प्रवाह त्याप्रमाणे वाढतो किंवा घटतो. कॅलिफोर्नियात केविन प्लॅक्सको यांच्या गटाने ही रचना २००५ च्या सुमारास उभी केली. डीएनए वापरण्याच्या आणखीही रीती आहेत. प्रतिपिंडाला, म्हणजे अँटिबॉडीला, डीएनएचा तुकडा खूण म्हणून जोडून त्या खुणेच्या प्रती पीसीआरने वाढवून मोजतात. ही युक्ती १९९२ पासून माहीत आहे. पेशीतला इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा ग्राही, म्हणजे त्याला पकडणारे प्रथिन, डीएनएच्या ज्या ठरावीक क्रमाला जाऊन चिकटतो, तोच क्रम सेन्सरवर बसवण्याचे प्रयोगही झाले आहेत. मात्र भाची ज्याविषयी बोलत आहे ते बहुधा ॲप्टामरच, म्हणून पुढे त्याच्यापुरतेच लिहिते.

आता सध्याच्या तपासणीकडे वळू, कारण आपल्या दोन रिपोर्टांचे कोडे तिथेच आहे. संप्रेरके रक्तात इतकी विरळ असतात की १९५० च्या दशकापर्यंत बहुतेकांचे मोजमाप जवळजवळ अशक्य होते. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेले इन्शुलिन आणि इन्शुलिनला धरणारे प्रतिपिंड वापरून त्या दशकाच्या अखेरीस ही अडचण सोडवली. यालो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ मध्येच वारले होते. आज किरणोत्साराची जागा प्रकाश देणाऱ्या रसायनांनी घेतली आहे, पण मुळात तत्त्व तेच आहे आणि आपल्या गल्लीतल्या लॅबचे यंत्रही त्याच तत्त्वावर चालते. ही पद्धत उत्तम आहे. ती फसते तेव्हा मात्र गाजावाजा न करता फसते, आणि छापलेल्या आकड्याकडे पाहून कोणाला शंकाही येत नाही.

रावपुऱ्यातील तिशीच्या एका बाईंचा रिपोर्ट मला अजून आठवतो. टीएसएच जवळजवळ शून्य आणि फ्री टी-४ (थायरॉइडचे रक्तात मोकळे फिरणारे संप्रेरक) चांगलेच वाढलेले, म्हणजे कागदावर थायरॉइड अतिसक्रिय असल्याचे अगदी नमुनेदार चित्र होते. त्यांना त्यासाठी औषधही लिहून दिलेले होते आणि त्या ते दुसऱ्या दिवसापासून सुरू करणार होत्या. पण समोर बसलेल्या बाईंचा हात थरथरत नव्हता, नाडी ७४ होती, वजन उतरलेले नव्हते. मी त्यांना सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. पर्समधून शेवटी केस गळू नयेत म्हणून घेतलेली एक बाटली निघाली. तिच्यावर बायोटिन १० मिलिग्रॅम असे छापलेले होते. बायोटिन हे एक ब-जीवनसत्त्व; माणसाची त्याची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ही मात्रा तिच्या तीनशे पटींहून अधिक. अनेक यंत्रांत प्रतिपिंडे पकडून ठेवण्यासाठी बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारे स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन अशी जोडी वापरतात. रक्तातच बायोटिन भरपूर असले की ते त्या जागा अडवून बसते. त्यामुळे टीएसएचसारख्या मोठ्या रेणूची तपासणी खोटी कमी येते आणि फ्री टी-४ सारख्या लहान रेणूची खोटी जास्त येते. गोळी थांबवून चार दिवसांनी पुन्हा नमुना घेतला, तेव्हा दोन्ही आकडे सामान्य आले. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी याबद्दल २०१७ मध्ये जाहीर इशारा दिला होता, तरीही आपल्याकडे रक्त घेणारा मुलगा अजून हा प्रश्न विचारत नाही.

म्हणून आपल्याला विनंती आहे, की डोस बदलण्यापूर्वी त्या आठवड्यात आपण केसांची, नखांची किंवा मल्टिव्हिटॅमिनची गोळी घेत होता का, हे आठवून पाहावे. दोन्ही नमुने दिवसाच्या कोणत्या वेळी दिले हेही पाहावे, कारण टीएसएच रात्री वर चढते आणि दुपारी खाली असते. नमुना देण्यापूर्वी गोळी घेतली होती का, हेही डॉक्टरांना सांगावे. तिच्यामुळे पुढचे काही तास टी-४ वाढलेले दिसते. दोन लॅबची यंत्रे वेगळ्या कंपन्यांची असतील तर थोडा फरक केवळ त्यामुळेही पडतो. यापुढे एकच लॅब ठरवावी, सकाळी गोळी घेण्याआधी नमुना द्यावा आणि बायोटिन असेल तर किमान तीन दिवस आधी बंद करावे.

आता दुसरा प्रश्न. टीएसएच घरी रोज मोजता आले तरी आपल्याला त्याचा उपयोग होणार नाही, हे मी जबाबदारीने सांगते. टी-४ ची रक्तातली अर्धी मात्रा ओसरायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणूनच डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करतात. मधल्या काळातले आकडे गोंधळच वाढवतील. त्याशिवाय टीएसएच हे मोठे प्रथिन आहे, त्याची एक साखळी एलएच आणि एफएसएच या प्रजननाच्या संप्रेरकांशी आणि गरोदरपणातल्या एचसीजीशी अगदी सारखी असते, आणि लॅबची यंत्रे ते मोजण्यात आज इतकी तरबेज आहेत, की तिथे डीएनए-सेन्सरने स्पर्धा करण्याचे मला प्रयोजन दिसत नाही.

डीएनए-सेन्सरचे खरे काम वेगळे आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आशा वाटते. बऱ्याच संप्रेरकांचा एकटा आकडा फार थोडे सांगतो. ती दिवसभर चढत-उतरत असतात आणि आजार त्या चढउतारात दिसतो. कॉर्टिसॉल जागे झाल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते आणि मध्यरात्री तळाला जाते. कुशिंग सिंड्रोममध्ये, म्हणजे कॉर्टिसॉल फार वाढण्याच्या आजारात, सकाळचा आकडा अगदी सामान्य असू शकतो. बिघडलेली गोष्ट ही असते, की रात्री कॉर्टिसॉल खाली उतरतच नाही. जन्मतः ॲड्रिनल ग्रंथीत एक एन्झाइम नसलेल्या मुलांना दिवसातून दोन-तीनदा हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागते. डोस कमी पडला तर एक त्रास आणि जास्त झाला तर उंची खुंटते. त्या मुलांच्या रक्तात एन्झाइमअभावी साचणारे १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन दिवसातून वेगवेगळ्या वेळी पाहायला हवे, पण सहा वर्षांच्या मुलाला दिवसातून चार वेळा सुई टोचा असे आईला सांगताना माझी जीभ अडखळते, आणि बहुतेक वेळा आम्ही एका आकड्यावर अंदाज बांधतो. आयव्हीएफच्या इंजेक्शनांच्या काळात दर एक-दोन दिवसांनी इस्ट्रॅडायोलच्या (मुख्य इस्ट्रोजेनच्या) तपासणीसाठी रांगेत बसणाऱ्या स्त्रियाही मी रोज पाहते.

इथे ॲप्टामरचा स्वभाव कामाला येतो. चांगले प्रतिपिंड आपला रेणू एकदा धरला की सहसा लवकर सोडत नाही, म्हणून तपासणी एकदा होते आणि ती पट्टी किंवा कप टाकून द्यावा लागतो. ॲप्टामरची पकड त्या मानाने सैल असते. आजूबाजूचे संप्रेरक कमी झाले की बसलेला रेणू सुटतो आणि धागा पुन्हा पहिल्या घडीत येतो. इतके दिवस हा त्याचा दोष मानला जात होता. सतत मोजण्यासाठी मात्र नेमके हेच हवे. प्लॅक्सको यांच्याच गटाने २०१७ मध्ये जागेपणी हिंडणाऱ्या उंदरांच्या शिरेत असा सेन्सर ठेवून रक्तातल्या औषधांची पातळी काही तास सलग मोजून दाखवली. दुसरी अडचण होती ती रक्तातल्या क्षारांची: त्यांच्यामुळे विद्युतभाराचा प्रभाव एका नॅनोमीटरच्या आतच विरून जातो आणि विद्युतभारातला बदल ओळखणाऱ्या ट्रान्झिस्टरवर बसवलेल्या सेन्सरला दूरचे काही जाणवत नाही. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले, की पकडलेल्या लहान रेणूला स्वतःचा भार नसला तरी ॲप्टामर घडी बदलताना त्याच्या कण्यावरचा ऋणभार सरकतो, आणि तो सरकणे ट्रान्झिस्टरला शरीरातल्याइतक्या खारट द्रवातही कळते. २०२३ मध्ये कॅल्टेकमधील वेई गाओ यांच्या गटाने घामातले इस्ट्रॅडायोल मोजणारा, अंगावर बाळगता येणारा ॲप्टामर-सेन्सर प्रसिद्ध केला. ही कामे मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत आणि ती खरोखर मोठी आहेत.

तरीही आपल्या घरी हे यंत्र उद्या येणार नाही, आणि त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत. सर्वांत आधी मात्रेचा हिशोब पाहू. सकाळी आठच्या सुमारास रक्तातले एकूण कॉर्टिसॉल साधारण १४० ते ६९० नॅनोमोल प्रति लिटर असते. पाळी गेलेल्या स्त्रीचे इस्ट्रॅडायोल मात्र सहसा २० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत, म्हणजे सुमारे ७० पिकोमोल प्रति लिटर असते. इस्ट्रॅडायोलचे जे ॲप्टामर प्रसिद्ध झाले, त्यांची पकड दहा-वीस ते शंभराहून अधिक नॅनोमोलच्या पट्ट्यात आहे. समजा पकड १४ नॅनोमोलची धरली, म्हणजे तितक्या मात्रेला निम्मे धागे भरतात असे धरले (एक नॅनोमोल म्हणजे हजार पिकोमोल), तर ७० पिकोमोल इस्ट्रॅडायोल असताना इलेक्ट्रोडवरच्या दर दोनशे धाग्यांपैकी एखादाच भरलेला असेल, आणि त्या एकाने केलेला बदल उरलेल्या एकशे नव्व्याण्णवांच्या गोंगाटातून वेगळा काढायचा असतो. शिवाय त्याच रक्तात एका इस्ट्रॅडायोलमागे अल्ब्युमिन या प्रथिनाचे सुमारे ८५ लाख रेणू असतात आणि त्यांना सोन्यावर बसायला आवडते. म्हणून फेम्टोमोलपर्यंत (पिकोमोलच्या हजाराव्या भागापर्यंत) मोजले असा दावा वाचला की मी प्रथम पाहते, की ते शुद्ध पाण्यात क्षार घालून केलेल्या बफरमध्ये मोजले आहे की खऱ्या माणसाच्या नमुन्यात.

दुसरी गोष्ट अनेक अभियंत्यांच्या लक्षात येत नाही. रक्तातले सुमारे ९५ टक्के कॉर्टिसॉल वाहक प्रथिनांना बांधलेले असते; मोकळे असते ते सुमारे ५ टक्के. लॅबच्या यंत्रात ते आधी प्रथिनांपासून सोडवून घेतात आणि एकूण आकडा छापतात. सेन्सर मात्र मोकळे तेवढेच पाहतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीमध्ये वाहक प्रथिन वाढते, त्यामुळे तिचे एकूण कॉर्टिसॉल वाढलेले दिसते आणि मोकळे मात्र तेवढेच राहते. सेन्सरचा आकडा आणि लॅबचा आकडा जुळला नाही तर कोण चुकले, हे ठरवण्याआधी दोघे एकच गोष्ट मोजत होते का, हे विचारावे लागते. शरीरावर परिणाम मोकळ्या कॉर्टिसॉलचाच होतो, म्हणून इथे सेन्सरची बाजू खरे तर भक्कम आहे. फक्त त्याच्यासाठी सामान्य पातळीचे कोष्टक नव्याने तयार करावे लागेल.

तिसरी अडचण चुलतभावांची, म्हणजे रचनेने अगदी सारख्या रेणूंची. कॉर्टिसॉल आणि कॉर्टिसोन यांत केवळ दोन हायड्रोजनांचा फरक आहे. दमा किंवा संधिवातासाठी दिले जाणारे प्रेडनिसोलोन तर कॉर्टिसोनइतक्याच अणूंचे बनलेले आहे, केवळ त्यांची मांडणी वेगळी आहे. प्रतिपिंडेही इथे चुकतात आणि प्रेडनिसोलोन घेणाऱ्या रुग्णाचे कॉर्टिसॉल खोटे जास्त दाखवतात. ॲप्टामर या फरकावर आपोआप चांगला ठरेल असे मानण्याला काही आधार नाही. ज्याने उलट्या फेऱ्या नेटाने केल्या असतील त्याचा ठरेल.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका महाविद्यालयातले तीन विद्यार्थी कॉर्टिसॉलचा सेन्सर घेऊन माझ्याकडे आले होते. त्यांची चिकाटी पाहून मला फार बरे वाटले. मोबाइलएवढे यंत्र, दोन मिलिमीटर व्यासाची सोन्याची टिकली, आणि ती घासायला ॲल्युमिनाची पूड. प्रत्येक मोजणीआधी ते ओल्या पूड लावलेल्या कापडावर इंग्रजी आठाच्या आकारात ती टिकली कितीतरी वेळ घासत. बफरमधला त्यांचा आलेख सुतासारखा सरळ होता. मग मी शिल्लक नमुन्यांचे एकत्र केलेले सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) दिले. कॉर्टिसॉल न वाढवताच प्रवाह अर्धा तास हळूहळू उतरत राहिला, कारण प्रथिने सोन्यावर साचत होती. त्या दिवशी वीज गेली, एसी बंद पडला, खोली ३४ अंशांवर गेली आणि त्याच नमुन्याचा आकडा पुन्हा बदलला. उष्णतेने धाग्याची घडी सैल होते. बडोद्याच्या उन्हाळ्यात वापरायचे यंत्र स्वतःचे तापमान मोजून आकडा दुरुस्त करू शकले नाही, तर ते काय उपयोगाचे?

मी त्यांना एकच गोष्ट मागितली: ॲप्टामरची तीच अक्षरे, तितकीच, पण क्रम उलटसुलट करून बनवलेला धागा. असा धागा कॉर्टिसॉलला धरू शकत नाही, म्हणून त्याच्या इलेक्ट्रोडवर काहीच घडता कामा नये. त्यांच्याकडे तो नव्हता. मागवून यायला तीन आठवडे लागले. तो बसवून सीरममध्ये मोजणी केली, तर खऱ्या ॲप्टामरवर जितका बदल दिसत होता त्याच्या दोन-तृतीयांश बदल या खोट्या धाग्यावरही दिसला. त्यांच्यातली मुलगी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि मग तिने वहीत तो आकडा लाल शाईने लिहिला. पुढे त्यांनी सोन्याची उघडी जागा मर्कॅप्टोहेक्सॅनॉल या रसायनाने अधिक वेळ भिजवून झाकली, दोन्ही धागे शेजारी शेजारी बसवून एकाचा प्रवाह दुसऱ्यातून वजा केला, आणि जो उरला तो संकेत लहान होता, पण कॉर्टिसॉलचाच होता. इतका प्रामाणिक आलेख मी अनेक मोठ्या लेखांतही पाहिलेला नाही. हे केवळ विद्यार्थ्यांच्या बाबतीत घडते असे नाही. आर्सेनिकला धरणारा म्हणून २००९ पासून अनेक सेन्सरांत वापरला गेलेला एक डीएनए-ॲप्टामर आर्सेनिकला मुळी धरतच नाही, असे २०१९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तपासून दाखवले.

डीएनए रक्तात टिकतो किती, हा प्रश्न उरतो. रक्तात आणि लाळेतही डीएनए तोडणारी एन्झाइमे असतात आणि उघडा धागा काही तासांत कुरतडला जातो. टोकांवर रासायनिक टोप्या बसवून आणि बारीक छिद्रांच्या पडद्याआड ठेवून हा काळ वाढवता येतो. भारतात अशी यंत्रे विकायची तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ यांच्या चौकटीत परवाना घ्यावा लागतो, आणि ते योग्यच आहे.

आता भाचीचा प्रश्न. तिने हा विषय जरूर घ्यावा, पण इस्ट्रॅडायोल किंवा टीएसएच न घेता रात्री अकराच्या सुमाराचे लाळेतले कॉर्टिसॉल घ्यावे. लाळेत येते ते मोकळे कॉर्टिसॉल असते, सुई लागत नाही, अल्ब्युमिनचा त्रास फार कमी होतो, आणि निरोगी माणसात त्या वेळी ते साधारण ४ नॅनोमोल प्रति लिटरच्या खाली असते. मात्रा कठीण आहे, पण आवाक्याबाहेरची नाही. त्या आकड्यावर कुशिंगचे निदान अवलंबून असते, म्हणजे काम जमले तर रुग्णाच्या थेट कामी येईल. लाळेचे स्वतःचे हट्टही तिने समजून घ्यावेत. लाळग्रंथीत कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोन करणारे एन्झाइम असते, त्यामुळे लाळेत कॉर्टिसोन अधिक असते आणि वर सांगितलेला चुलतभाऊ तिथे बहुसंख्येने हजर असतो. जेष्ठमधातला ग्लायसिऱ्हिझिक आम्ल हा घटक हे एन्झाइम अडवतो. खोकल्यासाठी जेष्ठमधाची कांडी चघळणारे आजोबा, किंवा दाढेखाली तंबाखू ठेवणारा माणूस, यांच्या लाळेत कॉर्टिसॉल खोटे वाढलेले येऊ शकते, कारण चघळण्याच्या तंबाखूतही हा घटक असतो. आपल्या भागात हे दोन्ही प्रकार घरोघरी आहेत, तेव्हा नमुना घेण्याआधी विचारायची प्रश्नावली तिने परदेशी लेखातून न उचलता इथल्या लोकांना विचारून बनवावी. दात घासून लगेच नमुना घेऊ नये. हिरडीतून रक्त आले तर आकडा बिघडतो.

नमुने मी देईन. नाव-पत्ता काढून टाकलेल्या, लेखी संमती घेतलेल्या लाळेच्या नळ्या आमच्याकडे उणे २० अंशांवर ठेवलेल्या आहेत आणि त्यांतल्या काहींचे मास स्पेक्ट्रोमीटरवरचे (रेणू वजनावरून ओळखून अचूक मोजणाऱ्या यंत्रावरचे) आकडेही आमच्या जवळ आहेत. ते मी तिला तिची मोजणी पूर्ण झाल्यावरच दाखवीन. कॉर्टिसोन आणि प्रेडनिसोलोन वेगवेगळे घालून केलेल्या मोजण्या तिच्या वहीत आधी असाव्यात. तिच्या मार्गदर्शकांना माझे हे पत्र दाखवायला हरकत नाही. आणि ॲप्टामर मागवताना उलटसुलट क्रमाचा धागा पहिल्याच ऑर्डरमध्ये लिहावा, म्हणजे तिचे तीन आठवडे वाचतील.